बीजे भरपूर आली त्या दिवशी

सोलापुरातल्या माझ्या सोनोग्राफी केंद्रात आजूबाजूच्या तालुक्यांतून पेशंट येतात. उपचार तिथल्या डॉक्टरांचे आणि स्त्रीबीजाची वाढ मोजण्याचे काम माझे. पीसीओएस, म्हणजे बीजे अर्धवट वाढून थांबण्याचा विकार, असलेल्या बाईचे अंडाशय ओळखणे फारसे कठीण नसते, कारण बारीक फॉलिकल, म्हणजे बीजे वाढतात त्या पाण्याच्या पिशव्या, कडेने मण्यांसारखे ओवलेले दिसतात. कठीण असते ते त्यांतले एकच वाढवणे. औषध कमी पडले तर एकही हलत नाही आणि किंचित जास्त झाले की सगळे एकदम उठतात.

त्या दिवशी आलेल्या बाईंच्या बाबतीत दुसरा प्रकार घडला होता. त्यांच्या फाइलमध्ये क्लोमिफीन या बीज वाढवणाऱ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांची चळत होती आणि त्यानंतर थेट बीजे वाढवण्याची १५० युनिटची रोजची इंजेक्शने. त्याच कामाच्या लेट्रोझोल या गोळ्यांची एकही चिठ्ठी नव्हती. वंध्यत्वासाठी ते औषध वापरण्यावर आपल्याकडे २०११ साली बंदी आली, ती २०१७ मध्ये उठली. पीसीओएसमध्ये क्लोमिफीनपेक्षा लेट्रोझोलने मूल होण्याचे प्रमाण जास्त असते, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने २०१४ मध्येच दाखवले होते. तरीही बंदीच्या काळातली भीती काही डॉक्टरांच्या पेनातून अजून गेलेली नाही.

पाळीचा बारावा दिवस होता. दाटीवाटीच्या अंडाशयात फॉलिकल एकमेकांना दाबून लांबट होतात, त्यामुळे सर्वांत मोठा व्यास धरला तर हमखास फसगत होते. म्हणून मी प्रत्येक फॉलिकल दोन दिशांनी मोजून सरासरी काढते. उजवीकडे १८, १७, १६ आणि १५ मिलिमीटर, डावीकडे १७ आणि १६, शिवाय बारा-तेराचे कितीतरी. गर्भाशयाचे अस्तर ९ मिलिमीटर, तिपदरी, अगदी हवे तसे. आकडे ऐकून बाईंचा चेहरा उजळला. "कधी एक नीट येत नव्हतं, आता सहा आली ना मॅडम?" सासूबाई म्हणाल्या, "जुळी झाली तर बरंच की, एकदाच सुटली." तेवढ्यात यजमानांनी बर्फाच्या पिशवीत गुंडाळून आणलेले बीज फुटण्याचे इंजेक्शन टेबलावर ठेवले. एचसीजी, ५००० युनिट.

ते द्यायचे नाही, हे सांगणे माझ्या वाट्याला आले. सहा बीजे फुटली तर तिळी किंवा त्याहून अधिक गर्भ राहण्याचा धोका असतो. शिवाय एचसीजीने अंडाशय सुजून पोटात पाणी भरू शकते, रक्त घट्ट होऊन गुठळ्या होऊ शकतात. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "देऊन टाका, जास्त राहिले तर पुढे एक-दोन कमी करू." गर्भ कमी करणे म्हणजे जणू शिवणकामातला दोरा कापणे असावे, इतक्या सहजपणे हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटत नाही. बऱ्याच वादानंतर त्यांनी सायकल, म्हणजे या पाळीचा उपचार, रद्द करायला संमती दिली.

पण खरी अडचण पुढेच होती. इंजेक्शन न देताही बीजे आपोआप फुटू शकतात, म्हणून पाळी येईपर्यंत संबंध टाळा, नाहीतर निरोध वापरा, असे या दोघांना सांगायचे होते. मुलासाठी इतकी वर्षे झुरणाऱ्या जोडप्याला निरोध वापरा म्हणताना माझीच जीभ अडखळली. केंद्रात एकही पाकीट नव्हते. शेजारच्या मेडिकलमधून मागवले, ते यजमानांनी न बघताच खिशात कोंबले. बाई काही बोलल्या नाहीत. कर्ज काढून घेतलेल्या इंजेक्शनांची बिले त्या फाइलमध्ये पुन्हा क्रमाने लावत होत्या.

त्यांनी माझे ऐकले, की गावात जाऊन कुणाकडून ते इंजेक्शन टोचून घेतले, हा विचार मला पुढे बरेच दिवस छळत होता. एकदा यजमानांचाच फोन आला. पाळी आली होती, इंजेक्शन घरच्या फ्रिजमध्ये तसेच होते आणि मधे रात्रभर वीज नव्हती; ते पुढच्या वेळी चालेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी ते टाकून द्यायला सांगितले आणि पुढचा उपचार कमी मात्रेने, शक्यतो लेट्रोझोलने सुरू करण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांना पत्र दिले. "मग या वेळी एकच येईल ना?" त्यांनी विचारले. दोन येतील किंवा एकही येणार नाही, असेही होऊ शकते, हे मी त्यांना फोनवरच सांगून टाकले.