पित्ताची गोळी

बँकेत सही जुळेना, म्हणून सुनेने आजींना तिसऱ्यांदा माझ्या मनोविकारांच्या ओपीडीत आणले. आधीच्या दोन भेटींत मी त्यांना नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम लिहून दिले होते, आधी 5 आणि मग 10 मिलिग्रॅम. वय 71, चेहरा निर्विकार, आवाज खोल गेलेला, हालचाली मंद. सोबत फिजिशियनची चिठ्ठी होती: पार्किन्सन, लेव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून तीन वेळा चालू, आता नैराश्य वाटते, कृपया पाहावे. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन कमी पडते, आणि लेव्होडोपा ते भरून काढते. दुसऱ्याने निदान करून पाठवलेला रुग्ण आम्ही मुळापासून तपासत नाही, त्याच्या निदानाखाली आपली ओळ लिहितो. हा आमच्या व्यवसायातला जुना आळस आहे आणि त्याला मी अपवाद ठरलो नाही.

त्या दिवशी मी कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. पासबुकावरची सही टपोरी होती. माझ्यासमोरची पहिल्या अक्षरापासून आक्रसत गेली आणि आडनावापर्यंत मुंगीएवढी झाली. ती पाहताना मला हान्स-योआखिम हासे हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ आठवले. मनोविकारविरोधी औषधाची मात्रा पुरेशी झाली की नाही, हे ते रुग्णाच्या हस्ताक्षरावरून ठरवीत. अक्षर बारीक होऊ लागले की औषध मेंदूच्या हालचालींच्या केंद्रापर्यंत पोहोचले, असा त्यांचा हिशोब होता. मग मी आजींचे मनगट धरून फिरवले. ते दातेरी चाकासारखे अडखळत फिरले, आणि दोन्ही हातांत जवळजवळ सारखेच. खरा पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो.

“आजी, आणखी कुठली गोळी घेता का?”

“नाही बाबा, औषध असं काही नाही.”

“सकाळची पित्ताची घेता की,” सून म्हणाली.

“ती काय औषध आहे?”

सुनेने पर्समधून पाकीट काढले. आम्ल कमी करणारे राबेप्रॅझोल 20 मिलिग्रॅम, आणि त्याच्या जोडीला लेव्होसल्पिराइड 75. मूळ चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. औषधाच्या दुकानातून ती दोन वर्षे मिळत राहिली, आणि कोणालाही काही विचारावेसे वाटले नाही. मीही विचारले होते ते ‘औषधे कोणती’ एवढेच, आणि आपल्याकडे पित्ताची गोळी औषधांत मोजली जात नाही.

लेव्होसल्पिराइड हे मूळचे मनोविकारविरोधी औषध. त्याचे काम एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखे असते: पेशींवर डोपामिन जिथे येऊन बसते त्या डी-2 ग्राहींवर ते जागा धरून बसते, पण स्वतः काहीच करत नाही. जठराच्या भिंतीतले हे ग्राही अडवले की जठर लवकर रिकामे होते, म्हणून ते पित्ताच्या गोळीत आले. मेंदूच्या ज्या मार्गात डोपामिनचा अतिरेक भासांना आणि संशयाला खतपाणी घालतो, तिथे हीच अडवणूक आम्हांला हवी असते. मात्र हालचाली सांभाळणाऱ्या मार्गातही ग्राही तेच असतात. टोरांटोमध्ये शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हॅलोपेरिडॉल या मनोविकारविरोधी औषधावर, मेंदूतले ग्राही किती व्यापले हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनने केलेल्या अभ्यासात सुमारे 65 टक्के डी-2 ग्राही व्यापले गेले की आजारात सुधारणा होण्याची शक्यता वाढलेली दिसली, आणि 78 टक्क्यांच्या पुढे ताठरपणा व कंप यांची. या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत राहण्यासाठी मी रोज अर्ध्या गोळीचा कीस पाडतो. उतारवयात डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात, आणि हे औषध मुख्यतः ज्या मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते तीही थकलेली असतात. म्हणून तरुणाला पचणारी मात्रा आजींना पचत नाही. डॉम्पेरिडोन हे उलटी-मळमळीवरचे औषधही हेच ग्राही अडवते, पण ते मेंदूत फारसे शिरत नाही, एवढा फरक दुकानदाराला कोण सांगणार? तरुण स्त्री असती तर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी चुकली असती आणि कोणीतरी चौकशी केली असती; एकाहत्तराव्या वर्षी तीही खूण उरत नाही.

म्हणजे एका गोळीने जागा अडवली होती आणि दुसरी गोळी डोपामिनच्या रूपाने उतारूंची गर्दी वाढवत होती. तिसरी माझी होती, आणि ती ज्या उदास चेहऱ्यासाठी दिली तो चेहरा बहुधा उदास नव्हताच. त्याचे स्नायू हलत नव्हते.

पित्ताची गोळी त्याच दिवशी थांबवली, साधे आम्लरोधक ठेवले. फिजिशियनना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग, “तुम्हांलाही दोन भेटी लागल्या,” असे म्हणाले. त्यांचे खरे होते. पुढे लेव्होडोपा आणि एस्सिटालोप्रॅम दोन्ही टप्प्याटप्प्याने बंद केले. महिन्याभरात आजी सुनेला माझ्यासमोर टोमणे मारू लागल्या, तिसऱ्या महिन्यात भाकरी पुन्हा थापता येऊ लागली आणि बँकेने सही स्वीकारली.

उजव्या हाताचा कंप मात्र पूर्ण गेलेला नाही. खुर्चीच्या हातावर हात टेकला की अंगठा अजून हलतो. तो औषधाचा रेंगाळलेला अवशेष असू शकतो, किंवा आत दबून असलेला खरा पार्किन्सन त्या गोळीने वेळेआधी उघड केला असेल; तसे असल्यास ज्या निदानावर मी मनातल्या मनात इतका चिडलो होतो, ते अर्धे तरी बरोबर निघेल. पुढच्या भेटीत मी दोन्ही मनगटे पुन्हा तपासणार आहे, आणि आजींना कोऱ्या कागदावर सही करायला सांगणार आहे.