पुरुषांच्या शौचालयात पॅड: वाद बाजूला, आधी डबा लावा

पुरुषांच्या सार्वजनिक शौचालयात फुकट पॅड ठेवावेत का, यावर लोक तावातावाने भांडतात. कचऱ्याच्या डब्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

पाळी येणारे ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पण पुरुष असलेले लोक, हीच शौचालयं वापरतात. आत डबा नसेल तर वापरलेलं पॅड गुंडाळून खिशातून बाहेर न्यावं लागतं, नाहीतर ते कमोडमध्ये जातं. पॅडमधली शोषक जेल पाण्याने फुगते आणि पाइप तुंबतो. टॅम्पॉन, म्हणजे पाळीत योनीत ठेवायचा शोषक बोळा, तोही पाण्यात विरघळत नाही. म्हणून शौचालयातल्या कमोडच्या प्रत्येक बंद खणात झाकणाचा छोटा डबा हवा. कॅनडाने १५ डिसेंबर २०२३ पासून केंद्रीय अखत्यारीतल्या कामाच्या ठिकाणी पॅड, टॅम्पॉन आणि झाकणाचा डबा बंधनकारक केला. शौचालय पुरुषांचं असो वा महिलांचं.

पॅड देणारं यंत्र बेसिनपाशी, सगळ्यांसमोर लावणं ही नेहमीची चूक. गरज असलेला माणूस तिथे हात घालायला कचरतो. थट्टेखातर मूठभर उचलणारे मात्र कचरत नाहीत. यंत्र खणाच्या आत लावा, एका वेळी एकच नग देणारं.

खर्चाचा आक्षेप अगदीच पोकळ नाही, पण इथे महिलांच्या शौचालयाइतका साठा भरायचाच नसतो. दोनचार पॅड, दोनचार टॅम्पॉन पुरतात. फक्त सफाईच्या तक्त्यात ‘साठा पाहिला, डबा रिकामा केला’ असा रकाना हवा. तो नसेल तर यंत्र लवकरच शोभेपुरतं उरतं.