पानं नसलेलं रान

एप्रिल महिन्यात मिनेसोटात कुणालाही विचारा, सुट्टीला कुठे जावं? फ्लोरिडाला जा, म्हणतील. फार तर ॲरिझोनाला. उत्तरेला मात्र कुणीच धाडत नाही. इथे उत्तरेला जायचं ते उन्हाळ्यात, केबिन, होडी, मासेमारी आणि शेकोटीसाठी. नाहीतर ऐन हिवाळ्यात, स्की आणि स्नोमोबिलसाठी. मधला हा बर्फ वितळायचा काळ कुणाच्याच हिशोबात नसतो. स्कीला बर्फ पुरत नाही आणि होडीला पाणी मोकळं नाही. मोटेलं स्वस्त असतात, निम्मी हॉटेलं बंद असतात, आणि आमचं बिऱ्हाड नेमकं तेव्हाच निघतं.

सुरुवातीला कारण एवढंच होतं, मोटेल स्वस्त. आता मात्र मला तो काळच आवडतो. जुलैमधलं तिथलं रान देखणं असतं यात वाद नाही, पण त्या देखणेपणाबरोबर डास येतात, आणि हायवेवर केबिनकडे निघालेल्या गाड्यांची रांग येते. शिवाय देखणं झालेलं रान नुसतं बघायचं. एप्रिलमधलं रान कामात असतं.

वसंत म्हटला की आपल्या डोक्यात पळस, आंब्याचा मोहोर आणि कोकिळा. इथे पाडव्याला गुढी उभारायची तर कधीकधी आधी फावड्याने बाल्कनी मोकळी करावी लागते. कडुनिंब म्हणजे भारतीय दुकानातल्या पाकिटातली हिरवी पूड. अशा वेळी सहसा कुणी सासूबाईंना इकडे बोलवत नाही. आपले आईवडील इथे येतात ते मेमध्ये, आणि थंडी पडायच्या आत परततात. यंदा भाच्याच्या लग्नाच्या तारखेमुळे आमच्या आई एप्रिललाच येऊन दाखल झाल्या, आणि आल्या तशा उत्तरेच्या गाडीत बसल्या. निघण्याआधी त्यांनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि मुलांच्या कानटोप्या मोजून घेतल्या.

कानटोप्यांचं त्यांचं बरोबरच होतं. मिनिआपोलिसहून निघताना हवा उबदार होती, मुलं स्वेटर काढून बसली होती. अडीच तासांनी डुलूथला सरोवराकाठी उतरलो तर दात वाजायला लागले. लेक सुपिरिअरचं पाणी एप्रिलमध्ये गोठणबिंदूच्या जेमतेम वर असतं, आणि वारा पूर्वेकडून आला की ती थंडी थेट किनाऱ्यावर येते. डुलूथचे हवामानवाले तापमान सांगून झालं की वर ‘सरोवराजवळ आणखी थंड’ अशी पुस्ती जोडतातच.

डुलूथच्या पुढे हायवे ६१ काठाकाठाने जातो. एका बाजूला क्षितिजापर्यंत पाणी, दुसऱ्या बाजूला बर्च आणि ॲस्पेनचे उघडे बुंधे, मधूनमधून स्प्रूस. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “जंगल जंगल म्हणतेस, पान तरी हाय का कुठं?” धाकटीने स्प्रूसकडे बोट दाखवलं. “ती नाताळची झाडं झाली. बाकी सगळं सरपण.”

गूसबेरी फॉल्सला गाडी थांबवली. तिथलं पार्किंग हायवेचा थांबा म्हणूनही वापरात असल्याने स्टेट पार्क असूनही पास लागत नाही, हे मी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगते. ऑगस्टमध्ये हा धबधबा कधीकधी अंग चोरून वाहतो. एप्रिलमध्ये वरच्या रानातला सगळा हिवाळा एकदम खाली यायला निघालेला असतो. कड्याच्या सावलीतल्या भागात बर्फाचे जाड पडदे अजून लटकत होते आणि त्यांच्या शेजारून तपकिरी पाणी धडधडत कोसळत होतं. पाणी गढूळ आहे म्हणून आईंनी नाक मुरडलं. ती माती नसते. वरच्या दलदलींमध्ये कुजलेल्या पानांचं आणि शेवाळाचं टॅनिन, म्हणजे तुरट तपकिरी द्रव्य, त्यात उतरतं आणि खाली भोवऱ्यांवर पिवळट फेस धरतो. सरोवराला मिळाल्यावर थोड्या अंतरापर्यंत तो तपकिरी पट्टा निळ्या पाण्यात वेगळा दिसतो.

चिखलाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या दिवसांत खरा अंमल त्याचाच. आपल्याकडे पाऊस पडतो म्हणून चिखल होतो. इथे थेंबभर पाऊस नसला तरी होतो. हिवाळ्यात जमीन मीटरभर, कुठे त्याहूनही खोल गोठलेली असते. ऊन लागलं की ती वरून सुटायला लागते, खालचा थर मात्र दगडासारखा घट्टच असतो. वितळलेल्या पाण्याला झिरपायला वाट नसते, ते वरच्या वीतभर मातीत तुंबून राहतं. डांबरी रस्त्यांखालीही हेच होतं, म्हणून मार्चपासून काही आठवडे इथे जड ट्रकांच्या वजनावर मर्यादा घालतात. सरोवराच्या वरच्या अंगाने सुमारे ५०० किलोमीटर जाणारी सुपिरिअर हायकिंग ट्रेल आहे. तिची निगा राखणारी मंडळी या काळात लोकांना हात जोडून सांगतात, वाट सुकेपर्यंत येऊ नका. जिथे चालायला मुभा आहे तिथलाही शिष्टाचार ठरलेला आहे: चिखल चुकवून कडेने जायचं नाही, सरळ मधून जायचं. कडेने गेलं की वाट रुंदावते आणि नुकतं डोकं वर काढणारं झाडझाडोरं तुडवलं जातं. चिखलातून चालण्याचा नियम खुद्द मोठ्यांनीच केलाय हे कळल्यावर मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. थोरला तर एका डबक्यातून कायदा पाळत दोनदा गेला.

पुढच्या एका सखल जागी बदकांचा गलका ऐकू आला. मुलं दबकत गेली. उथळ पाणी, तळाशी काळी पडलेली पानं, एका कडेला बर्फाची उरलेली कड, आणि बदक एकही नाही. आम्ही जवळ गेलो तसा गलका बंद झाला. मग गुपचूप उभं राहायचं. आमच्या घरात हे सगळ्यात कठीण काम. बऱ्याच वेळाने पाण्याच्या काठाशी एक डोकं दिसलं. बोटाच्या दोन पेरांएवढा तपकिरी बेडूक, डोळ्यांमागे काळा पट्टा. वूड फ्रॉग. त्याने गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगे काढले आणि हुबेहूब बदकाचा आवाज काढला.

हा प्राणी हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली पडून असतो, आणि चक्क गोठतो. अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, श्वास थांबतो, हृदय थांबतं. गोठायला लागताच यकृत रक्तात भरमसाट ग्लुकोज सोडतं. त्या साखरेमुळे पेशींच्या आतलं पाणी गोठत नाही, बर्फ बाहेरच्या बाहेर होतो. वसंतात सुटला की हृदय पुन्हा चालू होतं, आणि थोड्याच दिवसांत हा पठ्ठ्या डबक्यात येऊन बायको शोधायला लागतो. घाई असते, कारण असली डबकी उन्हाळ्यात आटतात. त्याआधी अंड्यांचे बेडूक व्हायला हवेत.

मुलांनी हे शाळेत ऐकलेलं होतं, ती दुसरा बेडूक शोधायला गेली. आई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. “गोठताना दुखत असंल का गं त्याला?” मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच थोड्या वेळाने विषय बदलला, “साखरेनं वाचतोय म्हणजे बघ.”

साखरेचा विषय त्यांच्याकडून सहज निघतो. त्यांचं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, घरचं गुऱ्हाळ. म्हणून दुपारी ओळखीच्या एका कुटुंबाच्या रानात मेपलचा रस आटवायचं काम चालू होतं, तिथे त्यांना मुद्दाम नेलं. सरोवराच्या वरच्या टेकड्यांवर शुगर मेपलची राई आहे. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा वर असला की झाडातला रस वाहतो. बुंध्याला छोटं भोक पाडून तोटी ठोकतात, खाली बादली टांगतात. आईंनी एका बादलीत बोट बुडवून चाखलं. “हे तर पाणी हाय.”

खरंच जवळजवळ पाणीच असतं. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली सिरप होतं. हे ऐकल्यावर आईंनी पदर खोचला. खरं तर अंगावर माझं जॅकेट होतं, पण आविर्भाव तोच. शेडमध्ये वाफ कोंदली होती. पत्र्याची लांबरुंद चौकोनी काहील, खाली लाकडाचा जाळ, कडेला माणूस उभा. त्याला मराठी येत नव्हतं, आईंना इंग्रजी बेताचं. काही अडलं नाही. आईंनी चुलाण वाकून बघितलं, मळी कुठून काढतात ते बोटाने विचारलं. एवढ्यात रस उतू यायला लागला, तसं त्याने लोण्याचा एक कण टाकला आणि फेस खाली बसला. आई एकदम माझ्याकडे वळल्या, “अगं, आपल्याकडं तेल टाकत्यात!” मग त्याने पळी बुडवून उचलली. थेंब थेंब पडणारा पाक कडेला एकत्र येऊन पातळ पडद्यासारखा ओघळला, म्हणजे झाला. आईंनी मान डोलावली, पण ताटात पाणी घेऊन गोळी करून बघत नाहीत याचं त्यांना वाईट वाटलं. गूळच करायचा नाही तर गोळी कशाला, हे मी समजावत बसले नाही. शिवाय त्यांची शंका अगदीच गैर नव्हती. या भागातले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान् पिढ्या इथे मेपलची साखरच करत आले. टिकायला आणि वाहून न्यायला तीच सोयीची. त्यांच्या भाषेत एप्रिल हा रस आटवायचा महिना आहे.

झाडाला कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. म्हणजे रानाला पानं यायला लागली की हे काम बंद. मी आईंना म्हटलं, पानं नाहीत म्हणून तर हे बघायला मिळालं. “बरं बरं,” त्या म्हणाल्या, आणि बशीतलं उरलेलं सिरप बोटाने निपटून घेतलं.

मोटेलवर परतल्यावर गोचीड-तपासणी. बर्फ पुरता गेलेला नसला तरी हवा चार-पाच अंशांवर गेली की गोचिडी गवताच्या टोकावर येऊन बसतात, आणि लाइम रोग पसरवणारी जात तर तिळाएवढी. पँट मोज्यांत खोचलेली असली तरी गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघायचंच. आईंनी दोन्ही नातवंडांना पुढ्यात घेऊन दिव्याखाली अशी तपासणी केली की पुढे मला काही बघायचं ठेवलंच नाही.

रात्री त्यांचा गावाकडे धाकट्या बहिणीला फोन झाला. धबधब्याला एक वाक्य मिळालं, सरोवराला अर्धं. बाकी सगळा वेळ चुलाण. “नुसतं पाणी आटवत्यात बघ. चाळीसाला एक! लाकूड किती लागत असंल सांग. आपल्याकडं असता हा धंदा तर सोसायटीनं कर्जच दिलं नसतं.”