जव अडून बसला तो दिवस

सकाळी साडेनऊला काचेतली धार बारीक झाली. दहाला ती तुटली.

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या व्हिस्कीच्या एका लहान डिस्टिलरीत मी शिफ्ट सांभाळतो. आमच्या लॉटर टनच्या, म्हणजे गाळण्याच्या मोठ्या भांड्याच्या, खालच्या पाइपात, डोळ्यांच्या उंचीवर, काचेचा एक तुकडा बसवला आहे. दळलेला जव गरम पाण्यात भिजून त्यातल्या पिठाची साखर झाली, की तो लगदा या टनमध्ये येतो. टनचा तळ बारीक चिरांच्या जाळीचा असतो. चोथा जाळीवर थर धरून बसतो आणि गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, त्या थरातूनच गाळून खाली येतं. रोज साडेतीन तासांत हे काम उरकतं. त्या दिवशी एका तासातच पाणी यायचं थांबलं आणि वरती दोन हजार किलो धान्याचा लगदा तसाच तुंबून राहिला.

मी मूळचा सांगलीकडचा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकलो आणि सहा वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली. तिथे कच्चा माल मळी. मळीत साखर आयती असते. पाणी घाला, यीस्ट घाला, कॉलममधून काढा. शेवटी जे ९६ टक्क्यांचं स्पिरिट हाती येतं, त्याला मळीचा वाससुद्धा राहू द्यायचा नाही, हीच तिथली हुशारी. इथे उलट आहे. धान्याची जी खूण पार तिसऱ्या डिस्टिलेशननंतरही उरते, तिच्यासाठी सगळा खटाटोप. हे मला पुस्तकातून कळलं होतं. अंगाला लागलं ते त्या नोव्हेंबरमध्ये.

त्या दिवशी पॉट स्टिल व्हिस्कीचा मॅश, म्हणजे धान्याचा लगदा, होता. आयरिश व्हिस्कीचे चार प्रकार मानतात. माल्ट व्हिस्की निव्वळ माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, पॉट स्टिल नावाच्या तांब्याच्या भांड्यात काढलेली. ग्रेन व्हिस्की मका किंवा गव्हाची, उंच कॉलममधून येणारी, हलकी. ब्लेंड म्हणजे यांतल्या दोन किंवा अधिक प्रकारांचं मिश्रण; जगभर दुकानात दिसणारी जेमसन हीच. आणि चौथी पॉट स्टिल, जी या बेटाची स्वतःची. तिच्यात किमान ३० टक्के माल्ट आणि किमान ३० टक्के बिनमोडाचा, कच्चा जव लागतो. ओट किंवा राय यांसारखं इतर धान्य फार तर ५ टक्के. आमच्या दोन हजार किलो धान्यात त्या दिवशी १२०० किलो कच्चा जव होता आणि ८०० किलो माल्ट.

कच्चा जव आला कुठून, याची गोष्ट करापासून सुरू होते. १७८५ मध्ये माल्टवर कर बसला, आणि डिस्टिलर जास्त जास्त कच्चा जव टाकू लागले. पैसे वाचवायला केलेली गोष्ट चवीत मुरली. कच्च्या जवामुळे स्पिरिटला एक तेलकट, भरीव अंग येतं आणि मागे मसाल्याची हलकी चरचर राहते. लोकांना तेच आवडायला लागलं. पण या जवाच्या पेशींच्या भिंतींत बीटा-ग्लुकन नावाचा डिंक भरलेला असतो. मोड येताना दाण्यातलं एन्झाइम तो डिंक बराचसा खाऊन टाकतं. मोडच आणले नाहीत तर डिंक जसाच्या तसा मॅशमध्ये उतरतो.

मी आधी आयोडिन लावून पाहिलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर वॉर्टचे दोन थेंब, त्यावर आयोडिनचा एक. पीठ शिल्लक असेल तर काळानिळा रंग चढतो. रंग पिवळाच राहिला. म्हणजे पीठ फुटलेलं होतं. मग थोडा वॉर्ट चिमटीत घेतला आणि बोटं हळूच लांब केली. भेंडी चिरताना येते तशी तार आली. चिकट, न तुटणारी. तेवढ्यात कळलं की हा डिंक आहे.

पण का? आमच्या पद्धतीत दळलेलं धान्य आधी ५० अंशांवर चाळीस मिनिटं ठेवतात. डिंक तोडणारं माल्टमधलं एन्झाइम त्या उष्णतेला नीट काम करतं. ६० च्या दिशेने गेलं की ते मरतं. मग वाफ देऊन ६४ वर नेतात, तिथे पिठाची साखर होते. पॅनेलवरचे आकडे ५० आणि ६४ असेच होते, मी पहाटे पाचपासून स्वतः वहीत लिहिले होते.

वही पुन्हा उघडली तेव्हा छातीत धस्स झालं. मॅश लॉटर टनमध्ये आला त्या वेळी तिथल्या तापमापकाने ६९ दाखवले होते. मीच लिहिले होते. टन आधी गरम पाण्याने तापवतात, त्याचा परिणाम असेल, असं समजून मी पुढे गेलो होतो. पण एवढा मोठा लगदा एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना पाच अंशांनी तापत नाही. थंडच होतो.

काचेचा तापमापक घेऊन पहिल्या भांड्याकडे गेलो, त्यात गरम पाणी घेतलं आणि ताडून पाहिलं. पॅनेल सहा अंश कमी दाखवत होतं. आदल्या दिवशी दुरुस्तीनंतर प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, त्याच्या नळीत पूर्ण आत बसवला गेला नव्हता. म्हणजे ५० च्या जागी ५६ आणि ६४ च्या जागी ७०. डिंक तोडणारं एन्झाइम सुरुवातीलाच भाजलं, आणि ७० वर साखर करणाऱ्यांपैकीही एक गेलं. आयोडिन फसवत होता असं नाही. पीठ फुटलं होतं, पण यीस्टला खाता येईल इतकं बारीक नव्हतं.

आमचे हेड डिस्टिलर साठीचे आहेत. १९७० च्या दशकात पोरसवदा असताना ते या धंद्यात आले. तेव्हा अख्ख्या आयर्लंडमध्ये डिस्टिलऱ्या उरल्या होत्या दोन, उत्तरेला बुशमिल्स आणि दक्षिणेला मिडलटन. १९८७ मध्ये कूली ही तिसरी डिस्टिलरी येईपर्यंत तसंच होतं. आता बेटावर चाळीसच्या आसपास आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, ६९ चा आकडा पाहूनही सोडून दिला हेही. ते काही बोलले नाहीत. वॉर्टमध्ये बोट बुडवून त्यांनीही तार काढून पाहिली. मग विचारलं, ‘तू काय करशील?’

माझ्या डोळ्यांपुढे आईचं स्वयंपाकघर आलं. भाचा सहा महिन्यांचा होता तेव्हा आई त्याला नाचणीची पेज करायची. साध्या पिठाची पेज खळीसारखी घट्ट व्हायची, पोर चमचा ढकलून द्यायचं. मग आई ती जरा कोमट होऊ द्यायची आणि मोड आणलेल्या नाचणीचं एक चमचा पीठ त्यात ढवळायची. बघता बघता पेज सैल व्हायची. ती का होते हे आईला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कॉलेजात एन्झाइम शिकताना तो चमचा कधी आठवला नव्हता.

मी म्हणालो, ‘खालून थंडसर पाणी देऊन थर उचलू, ६४ वर आणू, आणि दोन पोती माल्ट नव्याने घालू. साखरेचं काम तो करेल. डिंकासाठी मात्र शीतगृहातला कॅन लागेल.’

त्या कॅनमध्ये उष्णता सोसणारं डिंकतोडं एन्झाइम होतं. १९८० च्या आयरिश व्हिस्की कायद्यात माल्टच्या जोडीला इतर नैसर्गिक एन्झाइम चालतात. स्कॉटलंडमध्ये चालत नाहीत. तरी आमच्याकडे तो कॅन कधी उघडत नसत. माल्टनेच काम केलं पाहिजे, हा हेड डिस्टिलरांचा हट्ट, आणि मला तो मनापासून पटतो. ते मिनिटभर टनच्या झाकणाशी उभे राहिले. मग स्वतः जाऊन कॅन घेऊन आले.

जाळीखालून पाणी सोडलं. थर हळूहळू उचलला गेला, मधे एका ठिकाणी बुडबुडा फुटून पिवळट फेस वर आला. ढवळणारे हात अगदी सावकाश फिरवले, कारण घाई केली तर चोथ्याचा भुगा होतो आणि जाळी आणखी बुजते. माल्ट घातलं, एन्झाइम घातलं, आणि दीड तास हात न लावता थांबलो.

थांबण्याच्या त्या वेळात ते ओटबद्दल बोलत होते. जुन्या पॉट स्टिलच्या मॅशमध्ये थोडे ओट असायचे; त्यांच्या टरफलांमुळे थर मोकळा राहतो आणि पाणी वाट काढतं, असं जुनी माणसं त्यांना सांगायची. मग इनियस कॉफीवर आले. हा इथलाच अबकारी अधिकारी. १८३० मध्ये त्याने अखंड चालणाऱ्या कॉलमचं पेटंट घेतलं. डब्लिनच्या बड्या डिस्टिलरांनी त्याकडे पाठ फिरवली, स्कॉटलंडने तो उचलला आणि त्याच्यावर बाजार जिंकला. ‘आमचे लोक हट्टी होते,’ ते म्हणाले, ‘पण त्यांनी कॉलम लगेच घेतला असता, तर हा जव आज कुणाला आठवला असता?’ मला याचं उत्तर देता आलं नाही. बाजार गमावून राखलेली ती चव पुढे इतकी आक्रसली, की पॉट स्टिल म्हणून बाटलीत जाणाऱ्या रेडब्रेस्ट आणि ग्रीन स्पॉटसारख्या एक-दोनच उरल्या होत्या. मला तो हट्ट आणि ती हानी वेगळी करता येत नाहीत.

दुपारी अडीचला झडप उघडली. आधी गढूळ पाणी आलं, ते पुन्हा वर फिरवलं. चारच्या सुमारास काचेत धार धरली. बारीक, पण स्वच्छ, मधाच्या रंगाची. शेवटचा वॉर्ट रात्री अकराला उतरला आणि यीस्ट घालून मी घरी गेलो तेव्हा गवतावर दव गोठलं होतं.

चार दिवसांनी वॉश, म्हणजे आंबलेला वॉर्ट, तयार झाला. तीन स्टिल, एकामागून एक. पहिल्यातून साधारण २५ टक्क्यांचं लो वाइन्स नावाचं कच्चं स्पिरिट निघतं, तिसऱ्यातून मधला भाग धरतो तेव्हा अल्कोहोल ८० च्या वर असतं. मी ते तळहातावर घेऊन चोळलं. अल्कोहोल उडून गेल्यावर हाताला जी साय राहिली, तिच्यात ओल्या पोत्यातल्या धान्याचा वास होता. मळीच्या डिस्टिलरीत हा वास आला असता, तर माझी बॅच नापास झाली असती.

सहा पिंपं भरायला हवी होती, पाच भरली आणि सहावं अर्ध्यावर राहिलं. हेड डिस्टिलरांनी पाचही पिंपांवर खडूने एकच खूण केली, बाकीच्यांत मिसळू नयेत म्हणून. पहिल्या भांड्याचा प्रोब आता दर सोमवारी मी स्वतः काचेच्या तापमापकाशी ताडून पाहतो.

गेल्या महिन्यात त्यांतल्या एका पिंपातून नमुना काढला. रंग फिका सोनेरी, नाकाला आधी लाकूड, मग सफरचंद, आणि तळाशी तोच ओल्या धान्याचा वास. कायद्याने लाकडी पिंपात तीन वर्षं पुरी व्हावी लागतात. आणखी तेरा महिने त्याला व्हिस्की म्हणता येणार नाही.