बोट टेकवून

मंगळवार, रात्र

आईची एक चप्पल हॉलमध्ये राहते आणि ती स्वयंपाकघरात पोहोचते, तरी तिला पत्ता नसतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी डुलायला लागते. डोळे उघडे असले तर चालणं ठीक. शेजारच्या काकू म्हणतात, "बीपी बघा." बीपी व्यवस्थित आहे.

आज डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले, पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरला आणि हळूच वर-खाली केला. कुठल्या बाजूला गेला, ते तिने सांगायचं. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हलवलात का?"

मधुमेह जुना. त्यात सगळ्यांत लांब नसा आधी झिजतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. तळव्याकडून जमिनीची खबर येत नाही, सांध्या-स्नायूंकडची अर्धवट येते, आणि मग आपण कुठे, कसे उभे आहोत हे सांगायचं सगळं काम डोळ्यांवर पडतं. बर्लिनच्या डॉक्टर रोम्बेर्ग यांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. डोळे मिटून उभं करण्याची तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तोंड धुताना तोल जाणं हेही डॉक्टरांच्या ओळखीचं लक्षण निघालं.

रात्री वाचत बसले. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन या १९ वर्षांच्या तरुणाची मानेखालची स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाणीव एका आजारात गेली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळेना. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी राखत तो पुन्हा चालायला शिकला. दिवे गेले तर मात्र खाली कोसळायचा. आई रात्री बाथरूमला जाताना दिवा का लावते, आणि मी विजेच्या बिलावरून कुरकुरते तेव्हा का चिडते, ते आता कळलं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेला उपाय फारच साधा वाटला होता: चालताना भिंतीला एक बोट लावत जा. रेलायचं नाही, नुसतं टेकवायचं. पण १९९४ मध्ये जेका आणि लॅकनर या संशोधकांनी हेच मोजलं होतं. एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभ्या राहिलेल्या माणसांनी बोटाने स्थिर पट्टीला शंभर ग्रॅम वजनाहूनही कमी दाब दिला, तरी त्यांचं डुलणं स्पष्ट कमी झालं. एवढ्याशा दाबाने शरीर काही तोललं जात नाही. शरीर किती आणि कुठे कललं, ती खबर बोटाच्या टोकाकडून येते. आईच्या हातांना अजून चांगलं कळतं. तांदळातला खडा ती न बघता काढते.

संध्याकाळी पॅसेजमध्ये करून पाहिलं. आईचं पहिलं वाक्य, "भिंतीला डाग पडतील गं."

सुताराला उद्या बोलवायचं आहे. कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा, भिंतीत पक्का बसवलेला, कारण घसरली तर तिला तो मुठीत धरता आला पाहिजे. बेसिनपाशीही एक. आईला रंग भिंतीसारखाच हवाय.