तोराजात मातीला जाताना

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ पर्थला होता. साताऱ्यात सकाळी सहाला ती गेली आणि दुपार व्हायच्या आत आम्ही संगम माहुलीहून परतही आलो होतो. थांबायचं का, असं कुणीतरी विचारलं होतं. "माती खोळंबवू नये," वडीलधारे म्हणाले. ऊन मी म्हणत होतं, गावोगावची माणसं येऊन बसली होती. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. भाऊ पोचला तो सावडण्याच्या दिवशी. त्यावर तो कधी एक शब्द बोलला नाही. चार वर्षांनी त्याचाच फोन आला, "ताई, सुलावेसी बेटावर एक मुलूख आहे. तिथं घरातलं माणूस गेलं तरी सगळी मुलं येईपर्यंत थांबतात. येतेस का?"

म्हणून गेल्या जुलैअखेर आम्ही दोघं तोराजाला जाऊन आलो. एकूण आठ दिवस. आपल्याकडून तिकडे फारसं कुणी जात नाही आणि जे जातात ते बहुतेक फोटोंसाठी, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी मुंबईहून, तो पर्थहून, भेटलो बालीत. तिथून सुलावेसीतल्या मकास्सार शहराला विमानाने दीड तासाच्या आत. भारतीयांना इंडोनेशियाचा तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो. आम्हाला ५ लाख रुपिया पडले. आकडा ऐकून दचकू नका, आपले सुमारे पावणेतीन हजार होतात. मकास्सारहून तोराजातलं रान्तेपाओ गाव तीनशेहून जास्त किलोमीटर. परेपरेपर्यंत रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि मग घाट लागतो. रात्रीच्या बसला आठ-दहा तास लागतात. बस उत्तम आहेत, पण आतली थंडी भयंकर, तेव्हा शाल हाताशी ठेवा. जाताना रात्रीची बस घेतली तरी येताना दिवसाची मिळाली तर घ्या, एनरेकांगचे डोंगर पाहण्यासारखे आहेत. आम्हाला ते जमलं नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

मुक्काम रान्तेपाओतच करावा. मकाले हे दुसरं मोठं गाव, पण बघायच्या जागा आणि जाणकार वाटाडे रान्तेपाओभोवती जास्त. उंचीवरचा भाग असल्याने रात्री हवा गार असते. पाऊस जुलैतही येतो.

आता मुख्य गोष्ट. तोराजा लोकांत माणसाचा श्वास थांबला म्हणजे तो मेला असं धरत नाहीत. त्याला 'तोमाकुला' म्हणतात, म्हणजे आजारी माणूस. तो घरातच असतो. दोन वेळचं जेवण, कॉफी, असली तर सिगारेट त्याच्यापाशी ठेवतात, त्याच्याशी बोलतात, पाहुणा आला तर ओळख करून देतात. देह टिकावा म्हणून पूर्वी झाडपाल्याचे उपाय होते, आता फॉर्मॅलिन टोचतात. काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षंही. 'रांबू सोलो' नावाचा विधी झाला की मग तो माणूस गेला. रांबू सोलो म्हणजे उतरता धूर, दुपार ढळल्यावरचे, मृत्यूचे विधी. 'रांबू तुका' म्हणजे चढता धूर, सकाळचे, लग्न-वास्तू-सुगीचे. या दोन धुरांची सरमिसळ करायची नाही, हा तिथला कडक नियम.

हे सगळे लोक आज बहुतांशी ख्रिस्ती आहेत. डच मिशनरी १९१३ मध्ये आले. पण पूर्वजांची वाट, 'आलुक तो दोलो', पुसली गेली नाही. १९६९ मध्ये इंडोनेशियन सरकारने तिला हिंदू धर्माच्या एका शाखेत धरून मान्यता दिली. आमचा वाटाडा हे सांगून माझ्याकडे अपेक्षेने बघत होता. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही यमाची दिशा दक्षिण आणि वाहन रेडा. तो उठून उभाच राहिला. त्यांचा पुया, म्हणजे आत्म्यांचा देश, दक्षिणेलाच आहे, आणि आत्मा तिथवर जातो तो रेड्यांच्या सोबतीने. यावरून मी कुठलाही इतिहास जोडत नाही; आम्ही दोघं त्या गोष्टीने एकमेकांच्या जवळ आलो, एवढंच.

रांबू सोलोला जायचं तर वाटाड्याशिवाय जाऊ नका. मज्जाव आहे म्हणून नव्हे, तर तुम्ही कुठे बसायचं, कुणाला भेटायचं हे ठरलेलं असतं म्हणून. कोणाच्या घरी कधी विधी आहे हे वाटाड्यांना ठाऊक असतं. जुलै ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम, कारण तेव्हा पापुआ, कालिमांतान अशा इंडोनेशियाच्या दुसऱ्या बेटांवर नोकरीला गेलेली पोरं सुट्टीवर येतात. नाताळातही काही होतात. कपडे काळे किंवा गडद. माझ्याकडे गडद निळा पंजाबी ड्रेस होता, चालला. पायांत बंद बूट घाला, अंगणात चिखल असतो आणि तो नुसत्या पाण्याचा नसतो. हात हलवत जाऊ नका. साखर, कॉफी किंवा सिगारेटचं खोकं न्यायची रीत आहे. आम्ही साखर नेली, पाच किलो.

आपल्याला सोपं जाणारं एक वाक्य शिकून जा: 'तुरुत बेरदुका चिता'. इंडोनेशियन भाषेत सांत्वनाला हेच म्हणतात. दुका म्हणजे आपलं दुःख, चिता म्हणजे चित्त. विधीला ते 'उपाचारा' म्हणतात आणि कुटुंबाला 'केलुआर्गा', म्हणजे कुल आणि वर्ग. पहिल्यांदा ते वाक्य म्हणताना माझा घसा दाटला. आपल्या चित्तातलं दुःख इतक्या दूर कुणीतरी रोजच्या बोलण्यात जपून ठेवलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही गेलो तो पाहुण्यांना घ्यायचा दिवस होता. अंगणाभोवती बांबूचे मांडव, त्यांना नंबर घातलेले. मधे तोंगकोनान, नावेसारखं दोन्ही टोकांना उचललेल्या छपराचं मूळ घर, उत्तरेकडे तोंड करून. समोर आलांग, म्हणजे भाताची कोठारं. तोंगकोनानच्या दर्शनी खांबावर रेड्यांच्या शिंगांची उतरंड, आजवर त्या घराने किती निरोप दिले त्याची मोजदाद. शवपेटी 'लाक्कियान' नावाच्या उंच माचीवर होती. एकेक गावचे पाहुणे रांगेने आत येत होते, कुणी डुकरं बांबूला बांधून, कुणी रेडा हाताला धरून. घरचे त्यांना पान-सुपारी देत होते. लाउडस्पीकरवर एक माणूस पुकारत होता: अमक्याकडून एक रेडा, तमक्याकडून दोन डुकरं. सरकारी माणूस वहीत लिहीत होता, कारण प्रत्येक जनावरावर कर असतो.

मला लगेच आपली लग्नातली आहेराची वही आठवली. तसंच आहे. आज तुमच्या घरी आलेला रेडा हे तुमच्यावरचं देणं आहे. उद्या त्यांच्या घरी कुणी गेलं की तेवढाच तोलामोलाचा रेडा तुम्ही न्यायचा, तुम्ही नसलात तर तुमच्या मुलांनी. खानदानी घरात चोवीस किंवा जास्त रेडे लागतात. त्यात पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांचा 'तेडोंग बोंगा' असेल तर त्याची किंमत एखाद्या मोटारगाडीइतकी. रान्तेपाओजवळ बोलूचा जनावरांचा बाजार आहे, दर सहा दिवसांनी मोठा भरतो. मुक्कामाच्या जागी वार विचारून सकाळी लवकर जा. मालक रेड्यांना पाण्याने चोळत, त्यांच्याशी बोलत उभे असतात. ते पाहिल्याशिवाय रांबू सोलोतला खर्च नुसता वेडेपणा वाटेल.

तरी खर्चाचं ओझं खरंच आहे. आमचा वाटाडा स्वतः भावांच्या बरोबरीने एका रेड्याचं कर्ज फेडत होता. चर्चमध्ये, घराघरांत यावर वाद होतात, तो म्हणाला. "मुलांच्या शिक्षणाचे पैसे जातात हे आम्हालाही कळतं. पण ज्यांनी माझ्या बाबांसाठी रेडा आणला, त्यांच्या दारी मी रिकामा कसा जाऊ?" त्याला उत्तर देण्याचा मला काही अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेडे कापतात. एकाच घावात गळ्याची शीर. मी शाकाहारी घरातली, मी पहिल्यालाच मांडवामागे गेले आणि तिथेच बसले. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट एका आजीने कॉफी आणून दिली. ज्यांना सोसत नाही त्यांनी त्या दिवशी सरळ संध्याकाळी जावं, लहान मुलांना तर नेऊच नये. पण तोंड वाकडं करून, नाकाला रुमाल लावून पुढच्या रांगेत बसू नये. काही परदेशी माणसं तसं करत होती आणि मोबाइलही चालू होते. मांसाची वाटणी मानाप्रमाणे होते, गावातल्या प्रत्येक घरी काही ना काही जातं.

संध्याकाळी 'मा-बादोंग' झालं. माणसं एकमेकांच्या करंगळ्या गुंफून मोठं रिंगण करतात आणि संथ पावलांनी फिरत गेलेल्याचं आयुष्य गातात. जन्म, बालपण, कष्ट, माया. वाद्य नाही. शब्द कळत नव्हते, पण तासाभराने भाऊ उठला आणि रिंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. कुणीतरी त्याचा हात धरून आत घेतलं. तो पाऊण तास फिरत होता.

खाण्याचं: शाकाहाऱ्यांनी गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या भाज्या), तोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) यांवर निभावून न्यावं. 'पा-पियोंग' म्हणजे बांबूच्या नळीत भाजलेला पदार्थ, तो बहुधा मांसाचा, पण आधी सांगितलं तर नुसत्या पालेभाजीचाही करून देतात. काटोक्कोन नावाची गोल मिरची आपल्या तिखट खाण्याच्या जोरावर चावू नका. कॉफी मात्र पोटभर प्या, तोराजाची कॉफी जगात नावाजलेली आहे.

थडग्यांच्या जागा दोन दिवसांत पाहून होतात. स्कूटर भाड्याने मिळते. लेमोला कड्यात हाताने कोरलेल्या चौकोनी खोल्या आहेत, एकेक खोली एकेका कुटुंबाची, आणि सज्ज्यांत उभे 'ताऊ-ताऊ', गेलेल्यांचे लाकडी पुतळे, हात पुढे केलेले. ते फणसाच्या लाकडाचे असतात, कारण त्याचा पिवळेपणा माणसाच्या कातडीसारखा दिसतो. १९७० आणि ८० च्या दशकांत हे पुतळे मोठ्या प्रमाणावर चोरीला गेले आणि परदेशी संग्रहांत जाऊन पोचले. म्हणून आता कित्येक ठिकाणी गजांआड किंवा घरात ठेवतात. कुणाच्या आजोबांचा पुतळा परक्या देशात काचेमागे उभा असेल, या विचाराने मला तिथे फार त्रास झाला. लोंदाच्या गुहेत कंदील घेतलेला माणूस सोबत घ्यावाच लागतो; आत शवपेट्या आणि कवट्या आहेत. कशालाही हात लावू नका, कवटी सरळ करायला म्हणूनसुद्धा नाही. केते केसूला जुनी घरं आणि कड्याला टांगलेल्या पेट्या आहेत, गर्दी फार. बोरीला १०२ उभ्या शिळा आहेत, सकाळी सातला आम्ही दोघंच होतो.

कांबिराचं झाड मात्र बघाच. दात यायच्या आधी गेलेली बाळं पूर्वी तार्रा झाडाच्या खोडात खळगा करून उभी ठेवत आणि ताडाच्या जातीच्या झाडाच्या तंतूंनी झाकत. झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो, बाळाला तो मिळावा आणि झाडाबरोबर ते वाढत जावं म्हणून. आता तसं करत नाहीत. आपल्याकडेही तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. आईच्या आधी तिची एक मुलगी अशीच गेली होती, आमची थोरली बहीण. कुठे पुरली हे आई कधी बोलली नाही. भावाला हे मी तिथे, त्या झाडाखाली पहिल्यांदा सांगितलं.

'मा-नेने' आम्ही पाहिलं नाही. कापणीनंतर, बहुधा ऑगस्टमध्ये, उत्तरेकडच्या बारुप्पु वगैरे गावांत थडगी उघडून पूर्वजांचे देह स्वच्छ करतात, नवे कपडे घालतात. त्याचेच फोटो सगळीकडे फिरतात, 'प्रेतं चालतात' असल्या मथळ्यांनी. घरच्यांनी बोलावलं तरच जा. ते लोक आपल्या आजीचे केस विंचरत असतात, हे लक्षात ठेवून कॅमेरा काढा.

शेवटच्या दिवशी वाटाडा आम्हाला त्याच्या लांबच्या नात्यातल्या एका घरी घेऊन गेला. हे पैसे देऊन मागायचं नसतं, त्याने आपणहून विचारलं आणि घरच्यांनी हो म्हटलं. तिथे वयाने मोठ्या बाईला 'इबु' म्हणतात, पुरुषाला 'पाक'. दक्षिणेच्या खोलीत त्यांच्या इबु चौदा महिन्यांपासून आजारी होत्या. पेटीत, लाल कापडावर, उशाशी चष्मा आणि कॉफीचा पेला. सुनेने वाकून सांगितलं, "आई, भारतातून पाहुणे आलेत." आम्ही वाकून नमस्कार केला. चेहरा सुकलेला, काळवंडलेला होता, पण झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असतो तसाच. नाकाला काही जाणवलं नाही. धाकटा मुलगा पापुआत खाणीवर आहे, त्याला पुढच्या जुलैत रजा मिळेल, मग विधी, असं सून म्हणाली. इतकं साधं, की बस चुकली म्हणून उद्या येतोय म्हणावं.

भाऊ बाहेर जाऊन आलांगखालच्या ओट्यावर बसला. तासभर बसला. आमची दिवसाची बस गेली ती त्यामुळे, आणि मी त्याला हाक मारली नाही. निघताना आजारी माणसाचाही निरोप घ्यायचा असतो, नुसतं उठून जायचं नाही. वाटाड्याने शिकवलं: "पामित, इबु." मी म्हटलं. भाऊ पुन्हा आत आला, उंबऱ्याशी थांबला, पामित म्हणाला. मग पुढे होऊन पेटीच्या कडेला हात टेकून मराठीत म्हणाला, "येतो गं."

रात्रीच्या बसला शेवटच्या दोनच जागा मिळाल्या, मागच्या चाकावरच्या. परतीचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या भरून जातात.