थंडी, हवेतील बाष्प आणि फ्लू

ताप आला, अंग दुखू लागले की "थंडी बाधली" असे म्हणून आपण मोकळे होतो. या निदानात विषाणूला कुठेच जागा नसते, हे मला फार दिवसांपासून खटकत आले आहे. थंडी फ्लू निर्माण करत नाही, मात्र विषाणूची एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट ती सोपी करते, आणि त्यात हवेतील बाष्पाचा वाटा फार मोठा असतो.

2007 साली अमेरिकेतील संशोधकांनी आजारी आणि निरोगी गिनीपिग वेगवेगळ्या पिंजऱ्यांत शेजारी ठेवून तापमान व आर्द्रता बदलून पाहिली. 5 अंश सेल्सिअसला हवेतून होणारा संसर्ग अधिक झाला, 20 अंशांना तो कोरड्या हवेत जोमाने झाला, तर 30 अंशांना थांबला. पुढच्याच वर्षी मात्र असे दिसले की एकाच पिंजऱ्यात राहणाऱ्या प्राण्यांत 30 अंशांनाही संसर्ग होतो. म्हणजे उष्णता हवेतला मार्ग अडवते, निकटच्या सहवासातला नाही.

येथे सापेक्ष आर्द्रतेचा, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे याचा, आकडा फसवा ठरतो. शून्य अंशाच्या हवेत एका घनमीटरमागे जेमतेम 5 ग्रॅम बाष्प मावते, 20 अंशांच्या हवेत सुमारे 17 ग्रॅम. त्यामुळे बाहेरची 80 टक्के आर्द्रतेची गारठलेली हवा खोलीत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत खोकल्यातून उडालेले थेंब लवकर सुकून हलके होतात व अधिक वेळ तरंगतात. श्वासमार्गातला चिकट द्रव आणि त्याला बाहेर ढकलणारे केसांसारखे सूक्ष्म तंतू यांचे कामही मंदावते. हिवाळ्यात लोक दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात, ही भर वेगळीच.

तरीही सारे श्रेय कोरड्या हवेला देणे मला पटत नाही, कारण उष्ण कटिबंधातील अनेक प्रदेशांत फ्लूची लाट ऐन पावसाळ्यात, दमट हवेत येते. शिवाय 2009 चा एच1एन1 हा स्वाइन फ्लूचा विषाणू उत्तर गोलार्धात वसंतात आणि उन्हाळ्यातही पसरला. त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती बहुतेकांच्या शरीरात नव्हतीच, त्यामुळे प्रतिकूल हवामानही त्याला रोखू शकले नाही.